चॅप्टरचा अध्यक्ष झालास, आता जरा ऐक

अभिनंदन रे! टाऊ बेटा पाय या इंजिनिअरिंगच्या हुशार विद्यार्थ्यांच्या अमेरिकन संस्थेच्या, तुझ्या कॉलेजातल्या शाखेचा, म्हणजे चॅप्टरचा, अध्यक्ष झालास. तिथे निवड कशी होते ते तुला माहीतच आहे: इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातले वरचे एक अष्टमांश, शेवटच्या वर्षातले वरचे एक पंचमांश. म्हणजे समोर बसलेले सगळेच हुशार. तुझ्या जीपीएची तिथे कुणाला मातब्बरी नाही. १८८५ सालापासूनची संस्था वगैरे भाषणात एकदा म्हणून टाक, पुरे.

मी अध्यक्ष असताना सगळं स्वतःच करायचो. खोली बुक करणं, ईमेल, मीटिंगचे मिनिट्स, अगदी पेपर प्लेट्ससुद्धा. फायनल्स तोंडावर आल्या आणि दीक्षा समारंभाचा हॉल बुक करायचाच राहिला. सूट घातलेली मंडळी कॉरिडॉरमध्ये ताटकळलेली. खजिनदार एवढंच म्हणाली, "मला का नाही सांगितलंस?" अजून आठवलं की कान तापतात.

तुमच्याकडे नवे सभासद पितळी 'बेंट', म्हणजे संस्थेचं चिन्ह, घासतात ना? त्यांच्यात जाऊन बस. ओबडधोबड ओतीव तुकडा, आधी कानस, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक. तासाभरात बोटं काळीकुट्ट होतात आणि लाजरी पोरंही बोलायला लागतात. कुणाला वेबसाइट जमते, कुणाला शाळकरी मुलांना शिकवायला आवडतं, हे मला मुलाखतींत कधी कळलं नाही, तिथे कळलं. काम देशील तेव्हा तारीख सांग, मग मागे उभा राहू नकोस.

पासवर्ड आणि बँकेच्या सह्यांचं मात्र एप्रिलमध्येच उरक. मे उजाडला की जुने पदाधिकारी फोन उचलत नाहीत. आणि तीस जणांनी येतो म्हटलं तर पिझ्झा अठरा जणांचाच मागव.