तुमचे प्रश्न : गंगेच्या वाळूत सोनं मिळेल का?

प्रश्न : नमस्कार, मी गंगापूर रोडला राहतो, दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो. परदेशातली माणसं नदीत पॅन फिरवून सोनं काढतात ते व्हिडिओ बघून बघून मलाही खाज सुटली, भांड्याच्या दुकानातून स्टीलची पसरट परात आणली आणि आनंदवल्लीच्या खाली दोन रविवार गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, बसून वाळू धुतली. शेवटी काळी जड रेती उरते आणि तिच्यात पिवळे चकाकणारे कण दिसतात. नातवाने आजोबा करोडपती झाले म्हणून अख्ख्या सोसायटीत सांगून टाकलंय. हे सोनं असेल का? आणि सॅम्पल नीट घ्यायचं कसं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : काका, आधी नातवाला आवरा.

काळी रेती बघून घाबरायचं नाही आणि खूशही व्हायचं नाही. ती बहुतेक मॅग्नेटाइट आहे, आपल्या काळ्या पाषाणातलंच लोखंडी खनिज, साध्या वाळूच्या जवळजवळ दुप्पट जड म्हणून तळाला बसतं. वाळवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून वरून फिरवा, बरीचशी चिकटून येईल. व्हिडिओतले लोक काळी रेती दिसली की नाचतात कारण त्यांच्या नदीत जड रेतीबरोबर सोनंही येतं. आपल्याकडे रेती येते, सोनं येत नाही, कारण गोदा निघते ब्रह्मगिरीवर आणि त्र्यंबकपासून नाशिकपर्यंत वाटेत सगळा बेसॉल्ट, म्हणजे साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्यात सोन्याच्या शिरा नाहीत. कर्नाटकातल्या कोलार, हट्टी इथलं सोनं ज्या खडकांत आहे ते अडीचशे कोटी वर्षांहून जुने. नदी काय, वरच्या खडकात जे असेल तेच खाली आणणार ना.

मग पिवळं काय आहे? माझा पहिला संशय चमकीवर. विसर्जन, निर्माल्य, मूर्तीचे रंग, बेगड, सगळं पाण्यातच जातं आपल्याकडे. पुन्हा परात घ्या आणि पाणी हळू फिरवून नुसतं बघत बसा. सोनं वाळूच्या सात-आठपट जड (पाण्याच्या १९.३ पट, वाळू २.६५ पट) म्हणून ते तळाला धरून बसतं आणि सगळ्यात शेवटी हलतं. तुमचे कण पाण्याबरोबर तरंगत, गिरक्या घेत पुढे जात असतील तर विषय संपला. राहिलेच तर सुई टोचून बघा, सोनं दबतं, चपटं होतं, तुटत नाही, पायराइट (सोन्यासारखं चमकणारं लोखंड-गंधकाचं खनिज) असेल तर चुरा होतो. सावलीत धरा, सोनं सावलीतही पिवळंच दिसतं, अभ्रकाची किंवा चमकीची चमक ऊन गेलं की जाते. तरी शंका राहिली तर ओळखीच्या सराफाकडे न्या, तो नायट्रिक ॲसिडचा थेंब टाकून सांगेल (पितळ असेल तर हिरवं होऊन विरघळतं, सोन्याला काही होत नाही). ॲसिड घरी आणू नका, काकू परातीसकट बाहेर काढतील, माझ्या आईने काढलं होतं मला.

आता सॅम्पलचं. वाळू वरवरची ओंजळभर उचलून चालत नाही, इथेच सगळे चुकतात. जड माल साठतो तो पाण्याचा जोर जिथे मोडतो तिथे, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या धोंड्याच्या मागे, कातळाच्या भेगेत, गोट्यांच्या थराच्या अगदी बुडाशी. प्रत्येक ठिकाणाहून मोजून एक बादली घ्या, दरवेळी तेवढीच, चाळून मोठे खडे काढा आणि बादलीवर नंबर टाकून वहीत जागा लिहा. परातीत दोन तृतीयांश भरा, पाण्याखाली धरून डावी-उजवीकडे हलवा, मातीचे गोळे हाताने फोडा, मग परात पुढे कलती करून वरची हलकी वाळू थोडी थोडी पाण्याला द्या, मध्येमध्ये परत सपाट करून हलवा. घाई केली की सगळं गेलं. बारीक कण पाण्यावर तरंगून जाऊ नयेत म्हणून भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब टाका. चकचकीत स्टीलवर पिवळं नीट दिसत नाही, काळी किंवा हिरवी प्लॅस्टिकची परात बरी.

आणि हात बसलाय का ते तपासायचं असेल तर एअरगनचे शिशाचे १० छर्रे ठोकून चपटे करा, बादलीत मिसळा आणि धुवा. शिसं सोन्यापेक्षा बरंच हलकं, त्यामुळे १० पैकी ९ राहिले तर तुमचा हात त्या आकाराचं सोनं सोडणार नाही. ५ राहिले तर गंगेत सोनं नाही असं म्हणायचा तुम्हाला हक्कच नाही, दोष परातीचा आहे. कुठलीच बादली लागली नाही तरी वहीत शून्य लिहा, भूगर्भवाले अशाच शून्यांवरून कुठल्या ओढ्यात वर जायचं नाही ते ठरवतात.

एक गंमत सांगतो, नाशकात सोनं धुणारे लोक होतेच. झारेकरी. सराफ बाजारातली दुकानापुढची धूळ, गटारातला गाळ, सोनाराच्या शेगडीची राख असं झाडून आणायचे आणि पाटीत धुवायचे. पावसात सराफ बाजारात पाणी शिरतं ते शेवटी गोदेतच उतरतं, शिवाय रामकुंडात अस्थींबरोबर सोन्याचा मणी नाहीतर कणी जाते. म्हणजे आपल्या गंगेत असलंच सोनं तर ते ब्रह्मगिरीचं नाही, माणसांच्या गळ्यातलं. बाकी हीच गोदावरी खाली सिरोंच्याजवळ प्राणहितेला भेटते, प्राणहितेत वैनगंगेचं पाणी, आणि वैनगंगेच्या वरच्या भागात जुने खडक आहेत, तिकडे सोनझारी लोक पिढ्यान्‌पिढ्या वाळू धुवायचे. नदी एकच पण तुम्ही बसलात चुकीच्या टोकाला.

दोन गोष्टी तेवढ्या लक्षात ठेवा. १९५७ च्या खाण कायद्याप्रमाणे सोन्याचा शोध घ्यायलाही परवाना लागतो, त्यामुळे परातभर वाळू धुऊन तिथेच सोडायच्या पुढे जायचं नाही, गोण्या भरायच्या नाहीत. आणि पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडतात तेव्हा नदीत उतरूच नका, रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं ते घाटावरून बघा.

प्रश्न : बारीक सोनं पाऱ्याने गोळा करता येतं असं ऐकलंय, जुन्या थर्मामीटरमधला पारा चालेल का? – एक कॉलेज विद्यार्थी, सिडको

उत्तर : नाही. पारा सोन्याला धरतो हे खरं, पण सोडवायला तापवावा लागतो आणि ती वाफ श्वासातून शरीरात जाऊन मेंदूवर परिणाम करते, उरलेला नदीत गेला की माशांमधून परत ताटात येतो. थर्मामीटर आहे तसा राहू दे, छर्रे आण आणि वरच्या काकांबरोबर बस.