पेंटबॉलची मार्कर घेताना

प्रश्न : सातपूरच्या कारखान्यात काम करणारे आम्ही सहा मित्र महिन्यातून एकदा पेंटबॉल, म्हणजे एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडण्याचा खेळ, खेळतो. आजवर मैदानावरची भाड्याची बंदूक वापरली. यंदा दिवाळीच्या बोनसमधून स्वतःची घ्यावी, असे मनात आहे. साधी घ्यावी की इलेक्ट्रॉनिक?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : बोनसची रक्कम हातात आली की तिच्यातून सर्वांत आधी मुखवटा घ्या, असे मी आग्रहाने सांगेन. ०.६८ इंच व्यासाची, सुमारे ३ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला २८० फुटांच्या आसपास वेगाने सुटते. अंगावर तिचा नुसता वळ उठतो, पण उघड्या डोळ्यावर बसली तर दृष्टी कायमची जाऊ शकते. मोटारसायकलचा गॉगल किंवा कारखान्यातला सुरक्षा चष्मा येथे उपयोगाचा नाही. ‘एएसटीएम एफ १७७६’ या मानकाचा, खास पेंटबॉलसाठी बनवलेला आणि दुपदरी काचेचा मुखवटाच घ्यावा, कारण एकपदरी काचेवर पावसाळ्यात वाफ धरते, समोरचे दिसेनासे होते, खेळाडू नकळत मुखवटा वर करतो आणि डोळ्याला इजा होते ती अशाच क्षणी.

आता बंदुकीविषयी. जाणकार तिला ‘मार्कर’ म्हणतात, कारण जंगलातल्या झाडांवर आणि कळपातल्या गुरांवर लांबून रंगाची खूण करण्यासाठी ती अमेरिकेत तयार झाली. खेळ म्हणून ती पहिल्यांदा वापरली गेली १९८१ मध्ये. महिन्यातून एकदा खेळणाऱ्याने साधी यांत्रिक मार्करच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. इलेक्ट्रॉनिक मार्करमधून सेकंदाला दहा गोळ्या सुटू लागल्या, तर २०० गोळ्यांचे हॉपर (बंदुकीवरचा गोळ्यांचा डबा) वीस सेकंदांत रिकामे होते आणि २००० गोळ्यांचे आख्खे खोके साडेतीन मिनिटेही पुरत नाही. म्हणजे खरा खर्च बंदुकीचा नसून गोळ्यांचा आहे. शिवाय एका वेळी एकच गोळी सुटत असली, की माणूस आडोसा बदलायला, थांबायला आणि नेम धरायला शिकतो. ‘टिपमन ९८’ सारखी धातूच्या अंगाची मार्कर तुम्हाला शोभेल; ती ॲलन-कीने उघडता येते आणि ज्यांचे हात रोज यंत्रांवर चालतात, त्यांना तिची ओ-रिंग (रबरी कडी) बदलणे मुळीच अवघड जाणार नाही.

नाशिककरांनी गोळी ढकलणाऱ्या हवेच्या टाकीचा विचार मात्र जास्त बारकाईने करावा. कार्बन डायऑक्साइडची टाकी स्वस्त पडते. परंतु तिच्यातला दाब तापमानाबरोबर बदलतो. ३१ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही, त्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हात, पारा चाळिशीकडे सरकलेला असताना, टाकीतला दाब झपाट्याने चढतो आणि गोळीचा वेग मर्यादेबाहेर जातो. याउलट निफाडकडच्या डिसेंबरातल्या सकाळी तीच मार्कर मलूल होते आणि गोळी निम्म्या वाटेत खाली पडते. म्हणून पैसे वाचवायचे असतील तर ते बंदुकीत वाचवा आणि दाबाखालच्या साध्या हवेची, रेग्युलेटर (दाब सारखा ठेवणारा भाग) असलेली टाकी घ्या. अर्थात ती भरून देण्याची सोय तुमच्या मैदानावर आहे का, हे आधी विचारून. टाकी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कधीही ठेवू नये. वेगमापकावर वेग तपासल्याशिवाय, मग टाकी कोणतीही असो, खेळायला उतरू नये.

मार्कर परदेशातून मागवणार असाल, तर सीमाशुल्क आणि शस्त्र नियम यांची लेखी खात्री करून मगच पैसे भरा.

प्रश्न : पावसाळ्यात गोळ्या नळीतच फुटतात. बंदूक बिघडली असेल का?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : बहुधा नाही. गोळीचे कवच जिलेटिनचे असते आणि ते दमट हवेत ओल धरून फुगते. नळी मार्करपासून सोडवून घ्या आणि तिच्या मागच्या टोकातून एक गोळी आत ठेवा. ती आपोआप घरंगळून गेली तर सैल, आणि हलकेच फुंकर मारल्यावर बाहेर आली तर नेमकी समजावी. जोर लावूनही हलत नसेल, तर ते खोके खेळात वापरू नका. नवे खोके घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या आणि थंड जागी ठेवा. फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका, कारण गारठ्याने कवच ठिसूळ होते.