सतरा नावांपैकी दोनच ठेव

प्रिय डॉक्टर,

ऑर्थोपेडिक्सच्या (हाडांच्या शस्त्रक्रियेच्या) परीक्षेसाठी काय वाचायचं, याची तुझ्या पत्रातली यादी बघितली. पुस्तकं, ॲप आणि व्हिडिओ मिळून तिच्यात सतरा नावं आहेत. बहुतेक चांगलीच आहेत. पण एक दिवसाआड ऑन-कॉल असताना सतरा ठिकाणी वाचायला घेतलं की एकही धड वाचून होत नाही. मीही तेच केलं होतं. जाडजूड खंड जमवले, प्रत्येकाची पहिली शंभर पानं वाचली. तोंडी परीक्षेत मनगटाच्या साध्या फ्रॅक्चरबद्दल विचारलं तेव्हा वर्गीकरणांची नावं धडाधड सांगितली, पण प्लास्टर केव्हा पुरतं आणि प्लेट (हाडाला लावायची धातूची पट्टी) केव्हा लागते, हे सांगता आलं नाही. ती शांतता मला अजून आठवते.

म्हणून उजळणीचं एकच मध्यम जाडीचं पुस्तक धर आणि ते दोनदा संपव. कुठलं, याला फार महत्त्व नाही. मोठे खंड उद्याच्या केसपुरते उघडायचे. फ्रॅक्चर असेल तर आदल्या रात्री एओ सर्जरी रेफरन्स या वेबसाइटवर वीस मिनिटं घालव. ते मोफत आहे, आणि फ्रॅक्चरचा प्रकार, उपचारांचे पर्याय, पेशंटची पोझिशन, अप्रोच (हाडापर्यंत पोचायची वाट), रिडक्शन (हाड जागेवर बसवणं) हे सगळं चित्रांसकट तिथे सापडतं.

अप्रोच मात्र नुसते वाचून येत नाहीत. हेन्रीच्या, म्हणजे पुढच्या बाजूच्या अप्रोचने रेडियसच्या (कोपर ते मनगटातलं अंगठ्याकडचं हाड) वरच्या भागाकडे जाताना पोस्टिरिअर इंटरऑसियस नर्व्ह वाचवायला हात सुपिनेट करतात, म्हणजे तळहात वर फिरवतात. कोचरच्या, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या अप्रोचने रेडियल हेडकडे (रेडियसच्या वरच्या टोकाकडे) जाताना तीच नर्व्ह वाचवायला हात प्रोनेट करतात, म्हणजे तळहात खाली फिरवतात. हे पाठ केलं की ऐन परीक्षेत हमखास उलटं होतं. त्यापेक्षा पेन घे. ही नर्व्ह रेडियसच्या मानेला वळसा घालत सुपिनेटर स्नायूमधून मागे जाते. तो वळसा स्वतःच्या हातावर काढ, दोन्ही अप्रोचच्या रेघा ओढ आणि हात फिरवून बघ. नर्व्ह कुठल्या रेघेपासून केव्हा लांब जाते, ते डोळ्यांना दिसेल.

वर्गीकरण वाचताना दर वेळी एकच विचार: यावरून माझं काम काय बदललं? गस्टिलोचं ओपन फ्रॅक्चरचं (जखमेतून बाहेरशी जोडलेल्या फ्रॅक्चरचं) वर्गीकरण 1976चं, त्यातल्या तिसऱ्या टाइपचे ए, बी, सी हे भाग 1984चे. सालं विसरलीस तरी चालेल. पण थ्री-बी म्हटलं की हाड झाकायला फ्लॅप (दुसरीकडून आणलेली त्वचा किंवा स्नायू) लागणार, म्हणजे प्लास्टिक सर्जन हवा. थ्री-सी म्हणजे रक्तवाहिनी दुरुस्त करायची आहे, म्हणजे व्हॅस्क्युलर सर्जनला आत्ताच फोन. परीक्षक हेच ऐकायला बसलेले असतात.

बेसिक सायन्स शेवटच्या महिन्यावर ढकलू नकोस, सगळे ढकलतात. पेरनचा स्ट्रेनचा सिद्धांत, म्हणजे फ्रॅक्चरच्या फटीतला टिश्यू किती ताणला गेला तरी टिकतो, हे एक संध्याकाळ देऊन नीट समजून घे. जुळणीच्या सुरुवातीला येणारा मऊ ग्रॅन्युलेशन टिश्यू सुमारे 100 टक्के ताण सोसतो, तयार हाड जेमतेम 2 टक्के. एवढं पक्कं झालं की चुरा झालेल्या हाडाला ब्रिज प्लेट (चुऱ्यावरून पुलासारखी जाणारी) का चालते आणि साध्या फ्रॅक्चरमध्ये छोटी फट ठेवून ताठ प्लेट लावली तर ती का तुटू शकते, हे स्वतःच मांडता येतं.

आणि प्रश्न सोडवायला आजपासून सुरुवात कर, पुस्तक संपायची वाट बघू नकोस. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. रात्री पान परत वाचल्यावर 'हे येतंय मला' असं वाटतं ना, ते त्या पाच मिनिटांपुरतंच असतं. चुकलेल्या प्रश्नांसाठी वेगळी वही कर. त्यात उत्तर उतरवू नकोस, चूक का झाली ते लिही: माहीत नव्हतं, प्रश्न घाईत वाचला, की दोन गोष्टींत गल्लत झाली? महिन्याभरात तुझा कच्चा भाग त्या वहीतून उघड दिसेल.

झोप मोडून वाचू नकोस. ऑन-कॉलनंतरच्या दिवशी दहा प्रश्न पुरेत.

आता यादीतली पंधरा नावं खोडून ती मला परत पाठव. सोबत परवा तू बघितलेल्या टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) केसवर, पेशंटची ओळख न देता, परीक्षक विचारतील असे पाच प्रश्न लिही. उत्तरं लिहू नकोस, ती मी फोनवर विचारेन.

तुझा,
सर