पहिल्या लावणीसाठी जुनं गाणं निवडताना

गणेशोत्सवाचा मांडव असो की कालिदास कलामंदिर, पहिल्या वेळी गाजलेलं गाणं शोधत बसू नका. ज्यातला शब्दन् शब्द कळतो ते घ्या. लावणीत अदा शब्दावर करायची असते. गायिका सुलोचना चव्हाणांच्या जुन्या लावण्यांपासून सुरुवात करा. उच्चार स्वच्छ, ठसका नेमका. शिवाय जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची असायची, म्हणून त्या काळची गाणी न कापता स्टेजवर बसतात. नवशिक्याचा दम तेवढाच पुरतो.

आधी न नाचता ऐका. हातावर आठ मात्रा मोजा, मुखडा, म्हणजे गाण्याची सुरुवातीची ओळ, किती वेळा परत येतो ते लिहा. दर वेळी त्याच ओळीवर वेगळी अदा सुचली, तर गाणं तुमचं. नाही सुचली, तर दुसरं बघा.

हमखास होणाऱ्या चुका:
- रिमिक्स घेणं. बास वाढवला की ढोलकीची थाप बुजते आणि पाय चुकतो.
- गाणं मध्येच कापणं. कापायचंच असेल तर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर कापा, नाहीतर पुढचं सगळं आवर्तन (तालाचा फेरा) घसरतं.
- सराव ड्रेसवर, कार्यक्रम नऊवारीत. काष्ट्यात पाऊल आखूड पडतं. लय जलद असेल तर तिथेच मागे पडाल.

साउंडवाल्याकडे फाइल आदल्या दिवशी द्या, आणि घुंगरू बांधूनच साउंड चेक करा. बैठकीच्या लावणीचा, म्हणजे बसून अदा करायच्या लावणीचा, विचार सध्या नको. आधी एक गाणं पक्कं बसू दे, खूप छान होईल!