भाद्रपद-आश्विनात ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरावर हवा कशी असते? पाऊस गेला हे ओळखायचं कसं?

तुम्ही विचारलंय की दसऱ्याच्या सुमारास डोंगराच्या पायथ्याशी, उपवन तलावाजवळ राहायला येताय, सोबत वयस्कर आई आहेत, तर डोंगराला लागून सप्टेंबर-ऑक्टोबरचा महिना कसा जातो आणि पाऊस नेमका कधी संपतो हे तिथल्याच कुणी सांगावं. मी येऊरच्या एका पाड्यातला. जन्म इथला, नोकरी खाली ठाण्यात, वागळे इस्टेटला. घरामागे आमचं थोडं भात आहे, त्यामुळे या महिन्यात आमच्या घरातले सगळे दिवसातून दहा वेळा आभाळाकडे बघतात.

पहिली गोष्ट लक्षात ठेवा, कारण बाकी सगळं तिच्यावर आहे. पाऊस जाण्याआधी दिशा बदलतो.

जून ते ऑगस्ट आमच्याकडे पाऊस पश्चिमेकडून येतो. समुद्रावरून बोरिवलीच्या बाजूने आलेला वारा डोंगराला अडतो, वर चढतो आणि ढग माथ्यावरच मुक्काम करतो. उपवनच्या कट्ट्यावर उभं राहिलात तर समोरचा डोंगर दिसणारसुद्धा नाही. गडगडाट फारसा नसतो, नुसती संततधार. मग १३ सप्टेंबरच्या आसपास उत्तरा नक्षत्र लागतं आणि हळूहळू चित्र पालटतं. सकाळी लख्ख ऊन पडतं. जमीन अजून पाण्याने भरलेली, वर हे ऊन, त्यामुळे दुपारी झाडीत शिरलं की भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर येते. अशा दिवशी तीनच्या सुमाराला पूर्वेकडे बघायचं. धुतलेल्या हवेत ठाणे शहर, पारसिकचा डोंगर, त्यामागे मलंगगडाचा सुळका असं सगळं स्वच्छ दिसतं. त्याच्याही पलीकडे, सह्याद्रीच्या रांगेवर, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे पांढरे ढग वर वर चढत असतात. वरच्या थरातला वारा या दिवसांत पूर्वेकडून वाहू लागलेला असतो, आणि तोच संध्याकाळी हे ढग आपल्या अंगावर घेऊन येतो. आधी मातीचा वास, मग एक गार झोत, झाडं सगळी एका बाजूला वाकतात, आणि विजांसकट अर्धा-पाऊण तास असा पाऊस कोसळतो की पन्हळीखाली लावलेली बादली भरून वाहते. रात्री नऊला बाहेर यावं तर चांदणं.

हाच परतीचा पाऊस. २७ सप्टेंबरच्या आसपास हस्त लागतो. त्याला आमच्याकडे हत्तीच म्हणतात. माझी आजी म्हणायची, हत्ती येताना सोंड भरून येतो, जाताना रिकामी करून जातो. पंचांगाचा पाऊस दर वर्षी खरा ठरतो असं नाही, पण या पंधरा दिवसांतला पाऊस जोराचा आणि थोडक्या वेळाचा असतो हे मी स्वतः मोजून बघितलंय. माझ्याकडे साधं पर्जन्यमापक आहे आणि मी रोज सकाळी साडेआठला वहीत आकडा लिहितो, कारण हवामान खात्याचा दिवसही साडेआठलाच संपतो. जुलैतले आकडे बघितले तर रोज काही ना काही असतंच. सप्टेंबरच्या शेवटी मात्र शून्य, शून्य, शून्य आणि मध्येच एकदम पन्नास-साठ. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. पन्नास लिटर अर्ध्या-पाऊण तासात उतारावर पडलं तर ओहोळाचं काय होत असेल, तुम्हीच बघा.

हे मी इतकं जीव तोडून सांगतोय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी बातम्यांत ऐकलं, मान्सून परतायला लागला. आमचा हळवा, म्हणजे लवकर पिकणारा भात तयार झाला होता. चार दिवस कडकडीत ऊन पडलेलं. बाबा म्हणाले, अजून पूर्वेचा वारा पुरता स्थिरावला नाही, थांबू या. मीच घाई केली, कारण मला रजा तेवढीच होती. भात कापला, कडपं, म्हणजे कापलेल्या भाताच्या मुठी, वाळायला शेतातच पसरून ठेवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कल्याणच्या बाजूने आभाळ काळं झालं. आम्ही धावत सुटलो, पण अर्धी कडपंसुद्धा उचलून झाली नाहीत. पुढचे तीन दिवस रोज संध्याकाळी तेच. चौथ्या दिवशी बाबांनी एक लोंबी उचलून माझ्या हातात दिली. दाण्यांना पांढरे मोड आलेले, नखाएवढे. ते काही बोलले नाहीत. ती लोंबी मी अजून त्या वर्षीच्या वहीत ठेवली आहे.

बातमी खोटी नव्हती. मीच ती अर्धी ऐकली होती. मान्सून परतायला लागतो तो पश्चिम राजस्थानातून, आणि त्याची सरासरी तारीख आहे १७ सप्टेंबर. मुंबई-ठाण्यातून तो जायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर. हवामान खात्याने २०२० मध्ये या तारखा नव्याने ठरवल्या. त्याआधी राजस्थानसाठी १ सप्टेंबर आणि मुंबईसाठी २९ सप्टेंबर धरत. तिकडे माघार जाहीर करताना ते बघतात की सलग पाच दिवस पाऊस नाही, खालच्या थरातला वारा फिरलाय आणि हवेतला ओलावा उतरलाय. म्हणजे तिकडची बातमी आल्यावर आपल्याकडे अजून तीन आठवडे धरून चालायचं. आणि ८ ऑक्टोबर ही सरासरी आहे, कुणी दिलेला शब्द नव्हे.

आता थंडीचं. येऊर काही माथेरान नाही. उंची वाढली की हवा साधारण हजार मीटरला साडेसहा अंशांनी थंड होते, आणि आमचे पाडे तर त्याच्या पाव उंचीवरही नाहीत. तरी खालून वर आलेल्या माणसाला फरक जाणवतो, तो झाडीमुळे. खरी गंमत पहाटे आहे. आभाळ मोकळं झालं की रात्री जमीन भराभर निवते, गार हवा जड असते, ती ओहोळाच्या वाटेने पाण्यासारखी खाली घरंगळते. मी पहाटे स्कूटरवरून उतरतो तेव्हा वळणावर जिथे ओहोळ रस्त्याला भेटतो तिथे अंगावर अचानक काटा येतो, पन्नास पावलं पुढे गेलं की पुन्हा कोमट. ती सगळी हवा उपवन तलावाच्या अंगाला साचते. म्हणून ऑक्टोबरच्या मध्याला पाण्यावर धुक्याचा पातळ पदर दिसतो. तुमचं घर तळाशी आहे, म्हणजे पहाटेचा गारवा कधी कधी तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त लागेल. आईंना पहाटे फिरायला न्यायचं असेल तर कानटोपी घेऊन जा. दुपारी मात्र उलट. सकाळचा पूर्वेचा वारा जोरात असला की समुद्रावरचा वारा उशिरा पोचतो, कधी कधी दुपारी एक-दीडनंतर, आणि तोवर पारा पस्तिशीच्या पुढे जातो. ऑक्टोबर हीट म्हणतात ती हीच. त्या वेळी आईंना बाहेर काढू नका.

आणि या महिन्यात जंगल बघायला विसरू नका. गुलाबी तेरडा, पिवळा टाकळा, कुर्डूचे तुरे. कारवीची झुडपं आठ वर्षांनी एकदा फुलतात. इथल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ ला आणि मग २०२४ ला फुलली, तेव्हा उतारच्या उतार जांभळे झाले होते. आमच्या जुन्या घरांचे कूड याच कारवीचे, वरून शेणमातीने लिंपलेले. सप्टेंबरातच करडा धोबी हा पक्षी येतो, ओहोळाच्या दगडावर शेपूट वरखाली करत चालतो. तो दिसला की आमच्या घरात कुणीतरी ओरडून सांगतंच. उघडिपीला उन्हात चतुरांचे थवे उडतात, त्यांतल्या एका जातीचे चतुर भारतातून समुद्र ओलांडून पार आफ्रिकेपर्यंत जातात असं अभ्यासक मानतात. एवढासा जीव.

राहायच्या दृष्टीने थोडंसं. डासांचा खरा त्रास जुलैत नसतो, आत्ता असतो. सलग पावसात पाणी वाहून जातं, पण दोन दिवस पाऊस आणि सहा दिवस ऊन असं चालू झालं की कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचून राहतं, आणि आठ-दहा दिवसांत त्यात डास तयार होतात. ताटल्या आठवड्यातून एकदा पालथ्या घाला. कपाटांना बुरशी आलेली असेल, तर पहिल्या सलग उन्हात गाद्या-गोधड्या गच्चीवर टाका, पण चारच्या आत आणा. विजा सुरू झाल्या की झाडाखाली थांबू नका; पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ नावाचं मोफत ॲप आहे, ते फोनवर ठेवा. आणि अंधार पडल्यावर येऊरच्या रस्त्याला पायी फिरू नका. बिबटे इथलेच आहेत, त्यांची वेळ त्यांना द्यावी.

पाऊस गेला हे आम्ही कसं ओळखतो, तर तीन-चार खुणा एकत्र आल्या की. पहाटे कोळ्याच्या जाळ्यावर दव दिसतं, दुपारी पूर्वेला ढग चढत नाहीत, दाणा नखाने दाबला तर दूध न येता कटकन तुटतो, आणि सकाळी चुलीचा धूर सरळ पश्चिमेकडे जातो. तरी माझी आई एवढ्यावर विश्वास ठेवत नाही. लाकडांवर घातलेली निळी ताडपत्री आमच्याकडे दसऱ्याला निघत नाही. भात झोडून घरात आलं, कणगी भरली, की मगच ती दोरी सोडते, ताडपत्री झटकते आणि घडी घालून माळ्यावर टाकते.