वर्गात फिट आल्यानंतर मुलांशी काय आणि कसे बोलावे?

ताई, आपण लिहिले आहे की पाचवीच्या वर्गात एका मुलाला तासालाच फिट आली, मुले घाबरून व्हरांड्यात पळाली, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या बाकावर बसणाऱ्या मुलीच्या पालकांनी तिची जागा बदलून मागितली. आता वर्गाला काय सांगावे, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मुलीला सहाव्या वर्षापासून अपस्मार आहे आणि गेली बारा वर्षे मी पुण्यातल्या शाळांमधून मुलांशी याच विषयावर बोलते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वर्गाशी बोलण्याआधी त्या मुलाशी आणि त्याच्या आईवडिलांशी बोलावे. आजार त्याचा आहे. तेव्हा त्याचे नाव घ्यायचे की नाही, त्या तासाला त्याने वर्गात थांबायचे की नाही, हे त्यालाच ठरवू द्यावे. त्याने नको म्हटले तर नाव न घेताही सगळे सांगता येते.

मुलांना मी विचारते, बाई वर्गाबाहेर गेल्या आणि सगळेच एकदम बोलू लागले तर कोणाचे काही ऐकू येते का? मेंदूतल्या पेशी एकमेकींशी अतिसूक्ष्म विद्युत संदेशांनी बोलत असतात, आणि फिट येते तेव्हा त्यांतल्या पुष्कळ पेशी अशाच एकदम बोलू लागतात. बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत हा गोंधळ आपोआप शमतो. हा आजार डबा वाटून खाल्ल्याने किंवा हात धरल्याने होत नाही आणि त्यात बाहेरची बाधा वगैरे काही नसते, हेही स्पष्ट शब्दांत सांगावे, कारण मुलांनी घरी वेगळेच ऐकलेले असते. ‘अपस्मार’ या शब्दातच स्मृती हरपणे आहे. अशा मोठ्या फिटमधले त्या मुलाला काहीही आठवत नाही. काय झाले ते त्याला भोवतालच्या चेहऱ्यांवरून कळते. मधल्या सुट्टीत त्याची नक्कल का करायची नाही, हे मुलांना एवढ्यावरून बरोबर समजते.

यानंतर मुलांना कामे वाटून द्यावीत, कारण ज्याच्या हाताला काम असते ते मूल पळत नाही. एकाने भिंतीवरचे घड्याळ पाहायचे, दोघांनी बाक बाजूला सरकवायचे, एकाने शेजारच्या वर्गातल्या बाईंना बोलवायचे, एकाने स्वेटरची घडी करून डोक्याखाली द्यायची. कुशीवर वळवण्याचे आणि गळ्याजवळचे बटण सैल करण्याचे काम आपले. हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात चमचा किंवा बोट घालायचे नाही, आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीही पाजायचे नाही. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांचा काहीही उपयोग नसतो. फिट तिच्या वेळेने थांबते आणि श्रेय कांद्याला मिळते. फिट 5 मिनिटांहून अधिक चालली, शुद्ध येण्याआधी दुसरी आली, दुखापत झाली किंवा श्वासाला अडचण वाटली, तर 108 क्रमांकावर फोन करावा.

वेळ मोजण्याचा सराव मी आवर्जून करून घेते. घड्याळ हातात धरून वर्गाला दोन मिनिटे शांत बसवते. चाळीस सेकंद होतात न होतात तोच कोणीतरी विचारतेच, ‘झाली का?’ घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटे दहा मिनिटांसारखी का वाटतात आणि अंदाज न बांधता घड्याळच का पाहायचे, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट. प्रत्येक फिटमध्ये मूल खाली पडत नाही. माझी मुलगी तिसरीत असताना तिच्या वहीत ‘लक्ष नसते’ असा शेरा वारंवार येई, आणि घरी मीही तिला रागावत असे. एकदा श्रुतलेखनाची वही नीट पाहिली, तर अक्षर उत्तम, पण प्रत्येक परिच्छेदात मधलेच दोन-तीन शब्द नाहीत. त्यापुढचे वाक्य पुन्हा बिनचूक. काही सेकंदांपुरती तिची शुद्ध हरपत होती आणि पेन्सिल तेवढा वेळ थांबत होती. ते रागावणे मला आजही सलते. असे कोरे तुकडे कोणाच्याही वहीत दिसले तर पालकांना ती वही दाखवून मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाण्यास सांगावे.

जागा मात्र बदलू नये, असे माझे ठाम मत आहे. त्या पालकांना बोलावून वर्गाला सांगितले तेच सांगावे. त्यांच्या मुलीच्या मनात खरोखर भीती बसली असेल तर तिच्याशी वेगळे, न रागावता बोलावे. फिटनंतरचा अर्धा तास मी सर्वांत महत्त्वाचा मानते. मूल गोंधळलेले, थकलेले असते, कधी कपडे ओले झालेले असतात. गर्दी हटवावी, अंगावर काही पांघरावे, झोप आली तर झोपू द्यावे. कपाटात एक जादा गणवेश ठेवावा. माझ्या मुलीला सातवीत वर्गात फिट आली, तेव्हा जाग आल्यावर शेजारची मैत्रीण तिला एवढेच म्हणाली, ‘इतिहासाचा तास संपला, तुझी वही मी पूर्ण केली आहे.’ त्यानंतर शाळेत जायला ती कधी कचरली नाही.

सिंहगडाची सहल असो वा स्नेहसंमेलन, त्याला वगळू नये. पोहण्याच्या आणि उंचावर चढण्याच्या वेळी मोठे माणूस जवळ असावे, सहलीत औषधाची वेळ चुकू नये आणि जागरण होऊ नये. एवढे त्याच्या आईकडून कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद हजेरीपटात ठेवावा, म्हणजे आपण रजेवर असताना बदली शिक्षकांच्याही हाती पडेल.