बाजू घेऊन शोधनिबंध लिहिताना

प्रश्न : माझा विषय ‘मोबाइल आणि किशोरवयीनांची झोप’ असा आहे. मार्गदर्शक म्हणतात, यात तुमची भूमिकाच नाही. म्हणजे नेमकं काय?

तुमच्याकडे विषय आहे, पण प्रतिपादन नाही. एखाद्या जाणकाराला ‘मला हे पटत नाही’ म्हणता येईल, असं विधान हवं. ‘मोबाइलचा झोपेवर परिणाम होतो’ याला कोण हरकत घेणार? ‘झोप बिघडते ती पडद्याच्या प्रकाशापेक्षा झोपायची वेळ पुढे ढकलली गेल्यामुळे’ असं म्हणा. आता वाद घालता येतो आणि कुठला पुरावा शोधायचा तेही कळतं. असं वाक्य पहिल्याच दिवशी सुचत नाही. कच्चा खर्डा झाला की त्याचा शेवटचा परिच्छेद वाचा, बहुधा ते तिथेच सापडतं. उचला आणि सुरुवातीला आणा.

प्रश्न : विरोधी मत मांडलं तर माझीच बाजू लंगडी पडणार नाही का?

ही भीती मी फार जणांकडून ऐकतो, आणि तिच्यापायी चांगले निबंध वाया जातात याचं वाईट वाटतं. आपल्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचं म्हणणं येतं, मग सिद्धान्त, म्हणजे ग्रंथकाराचा निर्णय. डार्विनने उत्क्रांतीवरच्या १८५९च्या ग्रंथात एक अख्खं प्रकरण स्वतःच्या सिद्धान्तातल्या अडचणींना दिलं. डोळ्यासारखा अवयव नैसर्गिक निवडीने घडेल कसा, हा अवघड प्रश्न त्याने स्वतःच उभा केला आणि मग उत्तर दिलं. शंका वाचकाच्या मनात येणारच असते. तुम्ही ती टाळलीत तर तुमच्यावरचा विश्वास उडतो.

पूर्वपक्ष असा लिहा की विरोधकाने वाचून ‘हो, माझं म्हणणं हेच आहे’ म्हणावं. त्यातलं जे खरं आहे ते मान्य करा. त्यामुळे प्रतिपादन थोडं आक्रसलं तरी चालेल, ते अधिक टिकेल.

प्रश्न : चाळीस संदर्भ दिले, तरी शेरा आला, ‘युक्तिवाद दिसत नाही’.

डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे अग्नी आहे. न्यायशास्त्रातल्या या अनुमानाला पेलून धरते ती व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींमधला कायमचा संबंध : जिथे धूर, तिथे अग्नी. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूलमिन यांनी १९५८मध्ये युक्तिवादाची जी रचना मांडली, तिच्यातही दावा आणि पुरावा यांना जोडणाऱ्या अशाच दुव्याला जागा आहे. तुमच्या निबंधात बहुधा तोच लिहायचा राहिला असावा. समजा, रात्री मोबाइल वापरणारी मुलं कमी झोपतात असं आढळलं. त्यावरून मोबाइलने झोप घालवली असं ठरत नाही. झोप न येणारी मुलंच मोबाइल हातात घेत असतील. ही शक्यता का बाद होते, हे तुम्हीच सांगायचं. प्रत्येक संदर्भानंतर ‘यावरून माझं म्हणणं कसं सिद्ध होतं?’ याचं एक वाक्य लिहा. ज्याच्यापुढे ते लिहिता येत नाही, तो संदर्भ काढून टाका.

प्रश्न : ‘बहुधा’, ‘काही अंशी’ असे शब्द वापरले तर लेखन मिळमिळीत होतं का?

पुरावा तेवढाच असेल तर तेवढंच म्हणा. पण एकाच वाक्यात ‘कदाचित’ आणि ‘असू शकेल’ दोन्ही नकोत.